गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते – करंट कुठे जातोय ते कसं शोधायचं?

गोदाकाठ (परभणी)
२००७ची पेट्रोल हॅचबॅक, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन), वर एलपीजी किट. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, बसवून आठ महिने झालेत. गाडी रोज काढली तर काहीच त्रास नाही. तीन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टक-टक करतो, इंजिन फिरत नाही. नव्या मोंढ्यात लोड टेस्टर लावून बघितलं, बॅटरी पास आहे.

मोजलेले आकडे: गाडी चालू असताना टर्मिनलवर १४.१ व्होल्ट, हेडलाइट आणि ब्लोअर लावून १३.८. रात्रभर चार्ज करून, दोन मिनिटं हेडलाइट लावून, तासाभराने घेतलेलं रीडिंग १२.६१. गाडीला जोडून ३६ तास ठेवल्यावर १२.२८.

नंतर बसवलेल्या वस्तू: टचस्क्रीन स्टीरिओ, सेंट्रल लॉक, मागचा कॅमेरा. घरात साधा पिवळा मल्टीमीटर आहे. अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसायचं नाही. सुरुवात कुठून करू?

वायरिंग_लातूर
भाऊ, तुमच्या आकड्यांवरूनच बरंच कळतंय. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. १२.६१ वरून १२.२८ म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरली. ३५ चे चाळीस टक्के म्हणजे १४ अँपिअर-अवर, भागिले ३६ तास, म्हणजे सुमारे ०.४ अँपिअर. मीटर लावाल तेव्हा याच्या जवळचाच आकडा यायला हवा. फार वेगळा आला तर मोजण्यात चूक आहे किंवा बॅटरी स्वतःच आतून उतरतेय.

एमपीएफआय गाडीत ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) मेमरी, घड्याळ आणि स्टीरिओची मेमरी मिळून २० ते ५० मिलिअँपिअर चालतात. कार्बोरेटरची जुनी ८०० किंवा ओम्नी असेल तर १०-२० च्या वर काही असायचं कारणच नाही. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, त्यात गाडी दोन आठवडे उभी राहिली तरी सेल्फ मारते. ४०० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ दहा. तीन दिवसांत बॅटरी झोपणारच.

काळीमाती (माजलगाव)
त्याच्या आधी एक करा दादा. बॅटरी पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह टर्मिनल काढून बाजूला बांधा आणि ३६ तास तशीच ठेवा. व्होल्टेज जागेवर राहिलं तर दोष गाडीत. तेव्हाही उतरली तर बॅटरीतच. आपल्याकडच्या मे महिन्यात बॅटरी नुसती ठेवली तरी थंडीपेक्षा जास्त उतरते, तापमान १० अंशांनी वाढलं की आतली गळती साधारण दुप्पट होते. पण निरोगी बॅटरी दीड दिवसात ०.३ व्होल्ट टाकत नाही.

आणखी एक, बॅटरीचं वरचं झाकण बघा. ॲसिडचा ओलसर थर, त्यावर आपली काळी धूळ बसलेली असेल तर त्यातूनही करंट वाहतो. काळा प्रोब निगेटिव्हला लावा आणि लाल प्रोब झाकणाच्या प्लास्टिकवर फिरवा. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर झाकण धुवायला हवं. बुचं घट्ट करून अर्धा लिटर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाका, ब्रशने घासा आणि साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. सोड्याचं पाणी आत जाऊ द्यायचं नाही, ते ॲसिड मारतं. पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरही (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावा. एका सेलचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो सेल गेला समजा.

बालाघाट_७२
अर्थिंग बघा आधी. जुन्या गाडीत नेहमी अर्थिंगच असते.

वायरिंग_लातूर
@बालाघाट_७२ काका, माफ करा, पण हे खोडायला हवं, कारण याच समजुतीने लोक अर्थिंगच्या पट्ट्या बदलत बसतात. अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडी-इंजिनशी जोडणी, खराब असली की सेल्फ हळू फिरतो, दिवे मंद होतात, चार्जिंग पूर्ण पोचत नाही. उभ्या गाडीतून करंट पिणं हे तिचं काम नाही. खराब सांधा करंट अडवतो, ओढत नाही. अर्थिंग तपासायची तर सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधला व्होल्टेज बघा, ०.३ च्या आत हवा. हा प्रश्न निराळा आहे.

गोदाकाठ
काळीमाती दादांनी सांगितलं तसं केलं. टर्मिनल काढून ३६ तास: १२.६० वरून १२.५८. झाकण कोरडं, प्रोबला ०.०४ व्होल्ट. म्हणजे गाडीच पितेय. आता मीटर कसा लावू? पिवळ्या मीटरला तीन भोकं आहेत.

डायनामो_जालना
इथं घाई करू नका, मीटर जळायचे प्रसंग इथेच येतात.

काळी वायर कॉम (COM) लिहिलेल्या भोकात. लाल वायर १० अँपिअर लिहिलेल्या भोकात. बहुतेक स्वस्त मीटरांत या भोकाला फ्यूज नसतो. गोल बटण १० अँपिअर डीसीवर. मधल्या भोकात २०० मिलिअँपिअरचा फ्यूज असतो, सुरुवातीला तिथं लावलं तर तो लगेच उडेल.

मीटर लावायच्या आधी १२ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब, इंडिकेटरचा चालतो, होल्डरसकट दोन वायरी लावून घ्या. निगेटिव्ह टर्मिनल काढून पोस्ट आणि केबलच्या मध्ये तो बल्ब जोडा. झगझगीत पेटला तर कुठेतरी थेट शॉर्ट आहे, मीटर लावायचाच नाही. अर्ध्या अँपिअरच्या आत असेल तर बल्ब पेटल्यासारखाही दिसणार नाही. मग बिनधास्त मीटर लावा.

गाडीची तयारी अशी: चावी काढून घरात ठेवा. ड्रायव्हरची काच खाली, कारण मध्येच सेंट्रल लॉक बसलं तर अडकाल. बॉनेट उघडं. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली असेल तर ड्रायव्हरचं दार उघडं लागेल, म्हणून दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने 'खट' करून बंद करून घ्या. दाराच्या चौकटीत रबरी टोपीचं बटण असेल तर ते चिकटपट्टीने दाबून ठेवा. नाहीतर आतला दिवाच मोजत बसाल.

आता १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सैल करा, पण उचलू नका. मीटरची एक क्लिप पोस्टला, दुसरी केबलच्या लगला (टोकाच्या धातूच्या पकडीला). दोन्ही नीट पकडल्यावरच टर्मिनल वर उचला. असं केलं की सप्लाय एक क्षणही तुटत नाही. तुटला तर ईसीयू आणि स्टीरिओ पुन्हा जागे होतात आणि पहिली काही मिनिटं खोटा, मोठा आकडा दिसतो. अर्धा तास थांबा. सगळं झोपल्यानंतरचा आकडाच खरा.

मीटर लागलेला असताना दार उघडायचं नाही, लॉकचं बटण दाबायचं नाही, आणि चावी तर फिरवायचीच नाही. सेल्फ १०० अँपिअरच्या वर ओढतो, मीटर हातात वितळेल.

काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घाला. हे विसरून पुढच्या वेळी कुणी व्होल्टेज बघायला बॅटरीला प्रोब लावले तर तो सरळ शॉर्ट होतो.

रेणापूरकर
क्लॅम्प मीटर असेल तर टर्मिनल काढायचीही गरज नाही, पण घरचा वायरमन वापरतो तो क्लॅम्प फक्त एसी मोजतो, तो इथं शून्यच दाखवेल. डीसी मोजणारा हवा, आणि वायरीभोवती लावण्याआधी शून्याचं बटण दाबून घ्यायचं. ४० अँपिअरच्या रेंजला शेवटचा आकडा १० मिलिअँपिअरचा असतो, तेवढ्याने दोषी वायर सापडते.

गोदाकाठ
बल्ब दिसेल असा पेटला नाही. मीटर: सुरुवातीला १.२, दोन मिनिटांनी ०.४४, अर्ध्या तासाने ०.४१ वर स्थिर. वायरिंग_लातूर यांचा हिशेब अगदी बरोबर निघाला. आता एकेक फ्यूज उपटू का?

वायरिंग_लातूर
उपटू नका अजून. फ्यूज काढून परत लावला की त्यामागचं युनिट जागं होतं, किंवा चिकटलेला रिले (करंटने चालणारा स्विच) सुटतो आणि दोष तात्पुरता गायब होतो. मग चार दिवसांनी पुन्हा तेच. आधी फ्यूज जागेवर ठेवून मोजा.

पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात. निगेटिव्ह टर्मिनल परत जोडा, मीटर २०० मिलिव्होल्टवर, प्रोब एकमेकांना टेकवून शून्य येतंय बघा, मग दोन्ही ठिपक्यांवर प्रोब टोचा. करंट वाहत नसेल तर ०.०. वाहत असेल तर फ्यूजच्या बारीकशा रोधामुळे काहीतरी आकडा येतो. अंदाज असा धरा: लाल १० अँपिअरच्या फ्यूजवर ०.१ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३ मिलिअँपिअर, निळ्या १५ वर २०, पिवळ्या २० वर ३०. नेमका आकडा कंपनीनुसार थोडा बदलतो, पण आपल्याला कोणता फ्यूज बोलतोय एवढंच हवंय.

डॅशबोर्डखालचे सगळे, मग बॉनेटखालचे. कागदावर लिहीत चला. शेवटी बेरीज ०.४१ यायला हवी.

काळीमाती (माजलगाव)
मोजता मोजता साध्या जागाही बघून घ्या. डिक्कीचा आणि डॅशबोर्डच्या खणातला दिवा झाकण लावल्यावर विझतो का, हे बाहेरून कळत नाही. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवा, झाकण लावा, मिनिटभराने काढून बघा. पाच वॅटचा एक दिवा म्हणजे ०.४ अँपिअर, तुमच्या आकड्याला तो एकटाच पुरतो.

ब्रेक पेडलच्या वरचं बटणही बघा. पेडलच्या पट्टीवर एक प्लास्टिकचा छोटा ठोकळा असतो, तो बटण दाबून धरतो. जुन्या गाडीत उन्हाने कडक होऊन त्याचा भुगा पडतो, बटणाचा दांडा भोकातून आरपार जातो आणि ब्रेकचे दिवे लागलेलेच राहतात. पायाखाली मॅटवर पिवळट-पांढरे तुकडे दिसले तर हेच. दोन २१ वॅटचे बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर, ३५ ची बॅटरी रात्रीतून खल्लास. तुमचा आकडा तेवढा नाही, पण तो ठोकळा एवढ्याशा किमतीचा असतो, कडक झाला असेल तर बदलूनच टाका.

गोदाकाठ
डिक्की, खण, ब्रेक सगळं ठीक. फ्यूज:
निळा १५, रूम लॅम्प आणि स्टीरिओ – ०.६ मिलिव्होल्ट.
लाल १०, ईसीयूची मेमरी – ०.१.
बाकी सगळे ०.०.
एलपीजी किटची वायर थेट बॅटरीवरून गेली आहे, तिच्या वायरीतल्या फ्यूजवर ०.०.

स्टीरिओचा फ्यूज काढल्यावर मीटर ०.४१ वरून ०.२८. म्हणजे स्टीरिओच ना?

बालाघाट_७२
सापडलं की मग. स्टीरिओ बदला.

डायनामो_जालना
थांबा. स्टीरिओचे ०.१३ आणि ईसीयूचे ०.०१-०.०२ धरले तरी ०.१५ च होतात. उरलेले ०.२६ कुठे गेले? आज स्टीरिओ नीट करून गाडी सोडली तर ती तिसऱ्याऐवजी पाचव्या दिवशी बसेल आणि लोक म्हणतील बॅटरीच खराब. दोन गळत्या आहेत, आणि मोठी गळती कुठल्याही छोट्या फ्यूजमधून जात नाही.

छोट्या फ्यूजला वळसा घालून जाणाऱ्या वायरी अशा गाडीत तीनच: सेल्फची जाड केबल, नंतर कुणी थेट बॅटरीवरून ओढलेली वायर, आणि डायनामोची (अल्टरनेटरची) बी-प्लस, म्हणजे त्यातून बॅटरीकडे येणारी पॉझिटिव्ह वायर. डायनामोची वायर बॉनेटखालच्या ८० अँपिअरच्या मोठ्या फ्यूजमधून येते, पण त्याचा रोध इतका कमी की ०.२६ अँपिअरला तुमचा मीटर जेमतेम ०.१-०.२ मिलिव्होल्ट दाखवेल, ते शून्यासारखंच वाटतं.

उद्या पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना, डायनामोच्या मागच्या झाकणावर हात ठेवा, मग शेजारी इंजिन ब्लॉकवर. ब्लॉक गार आणि डायनामो किंचित कोमट लागला तर आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळतोय. दुपारी बघू नका, आपल्याकडे दुपारी सगळंच कोमट असतं.

गोदाकाठ
पहाटे साडेपाचला बघितलं. ब्लॉक गार, डायनामो कोमट. फरक हाताला स्पष्ट कळतो. पण चार्जिंग तर १४.१ आहे?

डायनामो_जालना
चार्जिंग बरोबर असूनही डायोड गळू शकतो. डायनामोत तीन फेज, एक डायोड अर्धवट गेला तरी बाकीचे रोजचं काम भागवतात, म्हणून चालू गाडीत व्होल्टेज ठीक दिसतं. डायोडचं खरं काम बंद गाडीत आहे: बॅटरीचा करंट उलटा डायनामोत शिरू न देणं. ज्या डायनामोत फील्डसाठी तीन छोटे डायोड वेगळे असतात, त्यात पॉझिटिव्ह प्लेटवरचा डायोड गळका झाला की करंट उलटा स्टेटरच्या (स्थिर भागाच्या) वेटोळ्यात, तिथून त्या छोट्या डायोडमधून रोटरला (फिरत्या भागाला) आणि रेग्युलेटरमधून (व्होल्टेज आवरणारा भाग) बॉडीला जातो. त्याचीच ती ऊब. गळती फार मोठी झाली तर चावी काढल्यावरही डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा अंधारात मंद पेटलेला दिसतो. तुमची अजून तेवढी नाही.

खात्री करायची तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. हे विसरायचं नाही, बी-प्लसला कुठलाच स्विच नसतो, पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांचा पाऊस पडेल. मग डायनामोच्या मागची रबरी टोपी सरकवा, नट सोडा, वायरीचं थिंबल काढून सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळा. छोटा कपलर तसाच ठेवा. आता निगेटिव्हला मीटर लावा, अर्धा तास थांबा. ०.४१ चा ०.१५ झाला तर निकाल लागला. नाही झाला तर कपलरही काढून बघा, रेग्युलेटर वेगळा पीत असेल.

रेणापूरकर
एक सूचना: काही जण बॅटरीवर एसी व्होल्टेज मोजून डायोड तपासायला सांगतात, चालू गाडीत अर्ध्या व्होल्टच्या वर एसी आलं तर डायोड खराब. पद्धत बरोबर आहे, पण या पिवळ्या मीटरवर करू नका. त्याची एसी रेंज डीसी अडवत नाही. एका बाजूने पंचवीस-तीस व्होल्ट दाखवेल, प्रोब उलटे केले की शून्य. दोन्ही आकडे खोटे. त्यासाठी चांगला मीटर लागतो.

गोदाकाठ
बी-प्लस काढल्यावर मीटर ०.१५. स्टीरिओचा फ्यूजही काढल्यावर ०.०२. सगळा हिशेब लागला.

वायरिंग_लातूर
छान. आता स्टीरिओ. खोलून बघा, नव्वद टक्के खात्रीने सांगतो, मागे पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून एका टेपखाली असतील. पिवळी कायम सप्लायची, मेमरीसाठी. लाल चावीवरची, तिच्यामुळे स्टीरिओला चालू-बंद कळतं. बसवणाऱ्याला चावीची वायर सापडली नाही की तो दोन्ही जोडून देतो. स्क्रीन काळी दिसते, पण आतलं अर्धं काम चालूच असतं.

लाल सुटी करा आणि चावी पहिल्या खटक्यावर आल्यावरच जिच्यात सप्लाय येतो अशा वायरीला जोडा, टेस्ट लॅम्पने शोधा. गोल कोपऱ्यांचा आयएसओ कपलर असेल तर ४ नंबर कायमचा, ७ नंबर चावीचा, ८ अर्थ. दोन्ही उलटे लागले तर चावी काढल्यावर स्टीरिओ वेळ आणि स्टेशनं विसरतो, त्यावरून ओळखायचं.

सांध्याला टेप नको. बंद गाडीत डॅशबोर्ड उन्हात इतका तापतो की टेपचा गोंद वितळून सरकतो आणि सांधा उघडा पडतो. कथिल लावा आणि वरून हीट श्रिंक नळी. बॉनेटखाली हात घातलाच आहे तर वायरी कुरतडल्यात का तेही बघा. सोयाबीन-कापूस घरात येतो त्या दिवसांत उंदीर इंजिनच्या उबेला येऊन बसतात.

डायनामो_जालना
डायनामो काढून वायंडिंगवाल्याकडे न्या आणि अख्खा बदलायला घाई करू नका. डायोड प्लेट वेगळी मिळते. स्टेटरच्या तारा कथिलाचा डाग काढून सोडवायच्या आणि नव्या प्लेटला डाग द्यायचा. मल्टीमीटरच्या डायोड रेंजवर चांगला डायोड एका बाजूने ०.४ ते ०.६ दाखवतो आणि उलट बाजूने काहीच नाही. पण मीटर दोन-तीन व्होल्टच देतो, १२ ला गळणारा डायोड त्यात पास होऊ शकतो. म्हणून बसवायच्या आधी टेबलावर तपासा: बॅटरीचा पॉझिटिव्ह मीटरमधून बी-प्लसला, निगेटिव्ह डायनामोच्या बॉडीला. चांगल्या डायनामोत काही मिलिअँपिअरच्या वर जाऊ नये. खोललाच आहे तर ब्रशची उंची आणि मागचं बेअरिंग बघून घ्या, त्यासाठी पुन्हा उतरवायला लागू नये.

बालाघाट_७२
तोवर गाडीला निगेटिव्हवर फिरकीचा कटऑफ बसवला तर?

काळीमाती (माजलगाव)
काका, तोवर चालेल. पण दर वेळी ईसीयू शिकलेलं विसरतो, पहिले काही किलोमीटर आयडलिंग वरखाली होतं, आणि घड्याळ लावत बसावं लागतं. कायमचा इलाज म्हणून नको, आतला डायोड तोवर आणखी बिघडत राहतो.

आणि गोदाकाठ दादा, बॅटरी इतक्या वेळा तळाला गेली आहे तर मोंढ्यापर्यंत एक फेरी मारून ती भरणार नाही. बाहेरच्या चार्जरवर साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास लावा. अर्धवट भरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं, ते मग निघत नाही.

गोदाकाठ
स्टीरिओच्या मागे पिवळी-लाल एकत्रच होत्या, टेप सरकून सांधा अर्धा उघडा. लाल आता चावीच्या वायरीवर, कथिल आणि नळी लावून. डायोड प्लेट बदलली, ब्रश अर्ध्याच्या वर शिल्लक होते, बेअरिंग नवीन टाकलं.

अर्ध्या तासानंतर मीटर ०.०२. मग क्लिपांना समांतर एक तार जोडली, मीटरची लाल वायर मधल्या भोकात, २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर नेऊन तार काढली: १८ मिलिअँपिअर. पूर्ण चार्ज करून ७२ तास उभी ठेवली. १२.६३ वरून १२.५९. पहिल्या सेल्फला चालू.

हिंगोली_फाटा
धागा वाचला. जुन्या डिझेल जीपमध्ये दोन तासांतच बॅटरी बसते, हीच पद्धत लावू का?

डायनामो_जालना
नाही दादा, मीटर अजिबात लावू नका. दोन तासांत बसते म्हणजे वीस-तीस अँपिअर जात असणार. आधी हीटर प्लगचा (थंड डिझेल इंजिन सुरू करायला आत तापणारे प्लग) रिले बघा. चावी काढून पाच मिनिटांनी प्लगच्या पट्टीवर व्होल्टेज मोजा, शून्य हवं. १२ आलं तर रिलेचे पॉइंट चिकटलेत. रिलेवर हात ठेवला तरी कळेल, चटका बसेल. लगेच बॅटरीचं निगेटिव्ह काढा, रिले बदला, आणि प्लगही एकेक करून तपासा, इतका वेळ तापून राहिलेले प्लग बहुधा जळालेले निघतात.